लोकपालाचा मंडप आणि महाडचे तळे

भ्रष्टाचाराविरुद्ध कोणी उभा राहिला की त्याला प्रश्न विचारणे अवघड होऊन बसते. २०११ साली अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले तेव्हा आंबेडकरी चळवळीची नेमकी हीच कोंडी झाली. शंका घेतली की आम्ही भ्रष्टांचे पाठीराखे ठरत होतो. गप्प बसावे तर संसदेला तारखा देऊन वेठीस धरलेले उघड्या डोळ्यांनी पाहावे लागत होते. आम्ही शंका घेतली. त्या शंकेचा जमाखर्च आता मांडायला हरकत नाही.

५ एप्रिल २०११ रोजी जंतरमंतरवर उपोषण सुरू झाले आणि चार दिवसांत सरकार नमले. लोकपालाच्या मसुद्यासाठी दहा जणांची संयुक्त समिती नेमली गेली. पाच केंद्रीय मंत्री आणि पाच 'नागरी समाजाचे' प्रतिनिधी. या दहांमध्ये अनुसूचित जातीचा एक नाही, जमातीचा एक नाही, बाई एकही नाही. गावकुसाबाहेरचा समाज या नागरी समाजात मोडत नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. पुढे ऑगस्टमध्ये तिहार तुरुंगापासून रामलीला मैदानापर्यंत बारा दिवसांचे उपोषण झाले आणि ते सुटले एका दलित आणि एका मुस्लिम मुलीच्या हातून. मसुद्यात कुठेच नसलेला दलित समारोपाच्या छायाचित्रात मात्र अगदी पुढे आला!

त्याच दिवसांत दिल्लीतील दलित-बहुजन संघटनांनी 'बहुजन लोकपाल'ची मागणी घेऊन मोर्चा काढला होता. चोवीस तास रामलीलावर रोखलेल्या कॅमेऱ्यांना तिकडे मान वळवायला कितीशी सवड मिळाली, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको.

पण आमच्यातील काहींकडून तेव्हा एक चूकही झाली, ती कबूल केली पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे संविधान सभेतील भाषण त्यांनी काठीसारखे वापरले. घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार म्हणजे अराजकाचे व्याकरण, असे बाबासाहेब म्हणाले हे खरेच. विभूतिपूजेविषयीचा त्यांचा इशारा तर त्या मंडपाला तंतोतंत लागू होता. पण त्या भाषणावरून रस्त्यावर उतरणेच घटनाविरोधी आहे असे आपण म्हणू लागलो, तर उद्या नामांतराचा लाँग मार्च आणि दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह यांचे काय करणार? सत्ताधाऱ्यांना तेच भाषण आपल्याच तोंडावर फेकायला किती वेळ लागेल?

फरक पाहायचा तर महाडकडे पाहावे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कायदा आपल्या बाजूने होता, पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे तळ्यावर गेली ती नवा कायदा हुकमाने करून घ्यायला नव्हे, झालेला कायदा ओंजळीत घ्यायला. त्यासाठी डोकी फुटली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले, आणि सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी काय केले? मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर जाण्याचा सत्याग्रह तहकूब केला. जमलेल्यांना ते रुचले नसेल. सोसलेला मार ताजा होता. पण ते न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ती लढाई लढत राहिले. दहा वर्षे! रामलीलावरच्या मंडळींना आपलाच मसुदा ३० ऑगस्टपूर्वी मंजूर झालेला हवा होता.

म्हणजे प्रश्न गर्दीचा नाही. आपला म्हणणारा जमाव संसदेच्या जागी बसू पाहतो की संसदेने दिलेला हक्क मागतो, हा आहे. २० मार्च २०१८ च्या निकालाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली, तेव्हा २ एप्रिलला देशभर बंद झाला. दलित तरुणांचे बळी गेले, असंख्य पोरांवर गुन्हे दाखल झाले. मागणी एवढीच होती की संसदेने केलेला कायदा होता तसा राहावा. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून ती मान्य केली. पण रामलीलाची गर्दी 'जनता' होती आणि ही गर्दी 'दंगेखोर' ठरली. हा शब्दकोश कोण लिहितो, हे वेगळे सांगायला नको.

आणि त्या लोकपालाचे पुढे काय झाले? १ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. मधली पाच वर्षे लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नाही या सबबीवर गेली. लोकसभेतील काँग्रेसचे नेते मल्लिकार्जुन खर्गे यांना निवड समितीच्या बैठकांना 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावले जाई. मताचा अधिकार नसलेली ती खुर्ची त्यांनी नाकारली. मे २०२२ मध्ये पहिल्या अध्यक्षांची मुदत संपली, तर पूर्णवेळ अध्यक्ष यायला २०२४ उजाडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकपालाचे नाव पुन्हा घरोघर पोचले ते सात बीएमडब्ल्यू गाड्यांच्या निविदेमुळे. या कायद्यात आपल्या पदरी पडलेली गोष्ट एकच. लोकपाल संस्थेत किमान निम्मे सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि महिला यांतील असावेत, ही तरतूद. ती उपोषणाच्या मंडपातून नव्हे, ज्या संसदेला शिव्या दिल्या गेल्या त्या संसदेतल्या भांडणातून आली.

भ्रष्टाचाराचा मार आमच्याइतका कोणाला बसतो? जात पडताळणीपासून घरकुलाच्या हप्त्यापर्यंत 'चहापाणी' द्यावे लागते ते आमच्याच बापाला. आपले हातही स्वच्छ आहेत असे नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या नावाच्या महामंडळातील कोट्यवधींच्या घोटाळ्याच्या आरोपावरून २०१५ मध्ये त्याच्या माजी अध्यक्षाला, तेव्हाच्या आमदाराला अटक झाली, याची लाज समाजाने बाळगली पाहिजे.

पण सर्वात मोठी चोरी लोकपालाच्या कक्षेत येतच नाही, कारण तिथे लाच घेणारा कोणी नसतो. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतला भ्रष्टाचार रामलीलावर गाजला. त्याच स्पर्धांसाठी दिल्ली सरकारने अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतील सुमारे ७०० कोटी रुपये वळवले होते, त्याचे गाऱ्हाणे त्या मंचावरून आमच्या कानी आले नाही. आपल्या राज्यात मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये 'लाडकी बहीण' योजनेकडे गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थ्यांत तुमच्याही बहिणी आहेत, असे उत्तर मिळते. आहेतच. पण ते पैसे तिला राज्याची नागरिक म्हणून मिळायचे आहेत. तिच्या पोराच्या वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे पैसे काढून तिच्याच हातावर ठेवायचे, याला भाऊबीज म्हणत नाहीत.

हे सारे शासन निर्णयाने, सहीशिक्क्यानिशी होते. म्हणून इलाजही कायद्याचाच हवा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ सालीच उपयोजनेच्या निधीचे कायदे केले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही चळवळीची जुनी मागणी आहे. ती येत्या अधिवेशनात प्रत्येक आमदाराच्या दारात नेली पाहिजे. फक्त मसुदा नीट वाचून घ्यावा. कर्नाटकाच्या कायद्यात '७ ड' नावाचे एक पोटकलम ठेवले होते, त्यातून दहा वर्षे निधी बाहेर वाहत राहिला आणि ते काढायला २०२३ साल उजाडावे लागले.