झाड उतरवायला येणारा

पुलावरच्या कुलपांबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. पुण्या-मुंबईहून आमच्याकडे कोलोनला जी मंडळी येतात, त्यांना कॅथेड्रल बघून झालं की लगेच ती कुलपंच बघायची असतात, आणि पाहुण्यांचा विरस करायला जीव होत नाही. पण या मे महिन्यात नवऱ्याची भाची आणि आमचे नवे जावई आले, ते पुण्याहून दोघांची नावं कोरून घेतलेलं पितळी कुलूपच सोबत घेऊन. आता मात्र राहवत नाही.

माहिती थोडक्यात सांगते. होहेनत्सोलर्न पूल 1911 साली पुरा झाला. मार्च 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो स्वतःच उडवला, युद्धानंतर पुन्हा उभा राहिला, आणि आज त्यावरून रोज हजाराहून जास्त रेल्वेगाड्या जातात. रूळ आणि पादचाऱ्यांची वाट यांच्यामध्ये जाळी आहे. 2008 च्या सुमारास तिच्यावर प्रेमिकांनी कुलपं लावायला सुरुवात केली. रेल्वेला ती काढून टाकायची होती, लोकांनी विरोध केला, रेल्वे मागे हटली. ही टूम मुळात कोलोनची नाहीच. फेदेरिको मोच्चा या इटालियन लेखकाच्या 2006 मधल्या कादंबरीतले प्रेमिक रोमच्या मिल्व्हिओ पुलावर कुलूप लावून किल्ली नदीत टाकतात, आणि त्यानंतर युरोपभर कुलपांचं पेव फुटलं. पॅरिसच्या पों देझार पुलाचा कठडा 2014 साली त्या ओझ्याने एका जागी कोसळला. पुढल्या वर्षी पालिकेने सुमारे 45 टन कुलपं उतरवली. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही वस्तू देत-घेत नाही, रेल्वेने कुठेतरी जातो. तसे एकदा पॅरिसला गेलो, तेव्हा त्या पुलाला काचेचे कठडे होते आणि पलीकडची सेन नदी स्वच्छ दिसत होती. मला फार बरं वाटलं.

आम्ही राइनच्या पलीकडे, डॉइट्झला राहतो. कामाला जाताना मी हा पूल पायी ओलांडते. गाडी गेली की पायाखाली थरथर जाणवते, आणि शेजारी कुलपांची भिंत. मूळची जाळी आता दिसतही नाही. कुलपाला कुलूप, त्याला आणखी एक, असे घोस लटकलेत. तळाशी असलेल्यांवरची नावं गंजाने खाऊन टाकली आहेत. वरची लालभडक, नवी. मी रोज जाते, पण आपलं जुनं कुलूप शोधत उभं असलेलं माणूस क्वचित दिसतं. लावणारेच दिसतात. फोटो काढतात, किल्ली पाण्यात फेकतात, आणि पुढची गाडी पकडतात.

माझा राग आहे तो याच्यावर. प्रेमाची खूण म्हणून आपण एक वस्तू लावायची, तिचं ओझं पुलाने वाहायचं, गंज पावसाने चढवायचा, आणि कधी काढायची वेळ आली तर ती पालिकेच्या कामगारांनी कटरने काढायची. यात त्या दोघांनी केलं काय?

हे मी भाचीला बोलले. ती म्हणाली, "मामी, आम्ही येऊ ना परत. पंचविसाव्या वाढदिवसाला येऊ."

"नक्की याल?"

"अगं, नक्की!"

तिच्या डोळ्यांत इतका खरेपणा होता की मी पुढे बोलले नाही. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली राइनमध्ये गेली. परतताना आमच्या गल्लीत शिरलो आणि जावईबापू थबकले. समोरच्या इमारतीच्या पावसाच्या पन्हाळीला एक उंच बर्च बांधलेला होता. फांद्यांवरून लाल, पिवळ्या, निळ्या क्रेप कागदाच्या लांब फिती, आणि मध्यावर लाकडी हृदय, त्यावर त्या घरातल्या मुलीचं नाव. "हे काय?" त्यांनी विचारलं. त्यानंतर आम्ही कुलपावर बोललोच नाही.

हा माइबाउम, मे महिन्याचं झाड. बव्हेरियात गावच्या चौकात एकच भलामोठा खांब उभारतात, तो वेगळा. आमच्या राइनलँडमध्ये प्रत्येक मुलगा आपल्या आवडत्या मुलीसाठी स्वतंत्र झाड आणतो. 30 एप्रिलच्या रात्री ते तिच्या दारी बांधायचं, सकाळी तिने खिडकी उघडली की समोर झाड. जंगलातून परवानगीवाचून तोडलं तर ती चोरी ठरते, म्हणून मे लागण्याआधी वनखात्याच्या कचेऱ्या आणि बागवाले बर्च विकतात. खेड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणतात, शहरात मित्रांच्या गाडीच्या टपावर. चार-पाच जण लागतातच. शिडी, दोर, कात्री, आणि खाली उभं राहून 'जरा डावीकडे' सांगणारा एक मित्र. बांधून झालं तरी काम संपत नाही. दुसऱ्या टोळक्याने झाड पळवू नये म्हणून पहाटेपर्यंत राखण करावी लागते. दुसऱ्या दिवशी इथे कामगार दिनाची सुट्टी असते, आमच्या घरी महाराष्ट्र दिन. रात्रभर जागलेली ती पोरं सकाळी पावाच्या दुकानासमोर रांगेत पेंगत उभी असतात. ती बघितली की आम्हा दोघांनाही आतून उमाळा येतो.

आणि खरी गंमत महिन्याभराने. मे संपला की ज्याने झाड लावलं त्यानेच येऊन ते उतरवायचं असतं. तोवर फिती पावसाने विटलेल्या असतात, पानं सुकून गळत असतात, क्रेपचा रंग भिंतीवर उतरलेला असतो. आता रात्रीचा आडोसा नाही, भर दिवसा तिच्या घरच्यांसमोर यायचं. रीतीप्रमाणे मुलीचे वडील त्याला बिअरचा क्रेट देतात, आई केक देते आणि मुलगी चुंबन. म्हणजे झाड लावण्याने मुलीला कळतं, आणि उतरवण्याने घराला. मला या रिवाजात उतरवणं जास्त मोलाचं वाटतं. सजवून जाणारे पुष्कळ असतात. सुकलेल्या फांद्या आवरायला जो येतो, त्याच्या हातात मुलगी द्यावी.

समोरचा मुलगा या रविवारी आला. रविवारी इथे ठोकाठोकी चालत नाही, म्हणून त्याने करवत आणली नव्हती. दोर सोडले, झाड हळूहळू आडवं केलं, फांद्या हाताने मोडून गठ्ठा बांधला. मुलीचे वडील खाली उभे राहून खोड धरत होते. दोघं फारसं बोलले नाहीत. शेवटी मुलगा खाली वाकून पायरीवर चिकटलेले क्रेपचे तुकडे नखाने खरवडून काढायला लागला. निळ्या कागदाचा डाग दगडात मुरला होता. वडिलांनी आतून पाण्याची बादली आणि ब्रश आणला आणि तेही शेजारी बसले. आम्ही दोघं गॅलरीतून बघत होतो. नवरा म्हणाला, "हा आपला जावई झाला असता तरी चाललं असतं गं."

लीप वर्षी पाळी उलटते, झाड मुलींनी आणायचं असतं. 2024 साली मी नवऱ्यासाठी आणलं. आमच्या वयाला हे कोण करतं, असं मनात आलंही नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला बर्च कसा निवडायचा ते शिकवलं. पालवी नुकती फुटलेली असावी, फार मोठी झाली तर पहिल्या आठवड्यातच मान टाकते. क्रेपच्या फिती फांदीला गाठ मारून बांधायच्या, चिकटवायच्या नाहीत. झाड आमच्या गॅलरीच्या कठड्याला बांधायला त्यांचा नातू आला. हृदयावर नाव लिहिताना आजींनी विचारलं, तुमच्याकडे नवऱ्याच्या नावाचं असं काही असतं का? मी तिथल्या तिथे रचून म्हटलं,

बर्चच्या फांदीला लाल-निळी फीत,
…रावांचं नाव घेते, ही माझी रीत.

त्यांना मी जर्मनमध्ये अर्थ सांगितला. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं, आपल्या दिवंगत नवऱ्याचं नाव घालून. त्या काही लाजल्या नाहीत, पण गालांवर रंग चढला. महिन्याने झाड मी उतरवलं. सासरे इथे असते तर क्रेट त्यांनी दिला असता. त्यांच्या वतीने आजींनी केक केला.

हे असं हाताला काम लावणारं प्रेम मला इथल्या लग्नांतही दिसतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोल्टरआबेंड असतो. मित्र, शेजारी, नातेवाईक जुन्या चिनीमातीच्या बशा, किटल्या, फुलदाण्या घेऊन येतात आणि दारात आपटून फोडतात. काही बहाद्दर जुनं बेसिनही उचलून आणतात. काच मात्र फोडायची नाही, ते अशुभ. आणि तो सगळा पसारा वधू-वरांनी मिळून झाडायचा. आजींच्या नातीच्या पोल्टरआबेंडला आम्ही कान तुटलेले कप घेऊन गेलो होतो. दोघांनी केर सुपलीत भरला की कुणीतरी हसत तो पुन्हा ओतायचं. मुलगा वैतागला, तिने त्याच्या हातून झाडू घेतला आणि त्याला सुपली धरायला दिली. दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर नोंदणी कचेरीबाहेर लाकडी घोडीवर आडवा ठेवलेला ओंडका होता, आणि दोन मुठींची करवत. एकाने ओढायची, दुसऱ्याने सोडायची. दोघांनी एकदम ओढली की अडकते.

आपल्याकडे लग्नानंतर एकमेकांचं कंकण एका हाताने सोडवतात, त्या वेळी बायका कशा गाठी आवळून ठेवतात, ते आठवलं. माझ्या लग्नात मामीने मारलेली गाठ नवऱ्याला सुटेना, तेव्हा कुणी बघत नाही असं बघून मी दुसऱ्या हाताने टोक धरलं होतं. आता ते कंकण सोडवणं फोटोग्राफरच्या सोयीने दोन मिनिटांत उरकतात. भाचीच्या लग्नात तर ते झालंच नाही, रिसेप्शनला उशीर होत होता. याचं मला खरोखर वाईट वाटतं. जगात कुठेही जा, नव्या जोडप्याला पहिल्याच दिवशी एकत्र काहीतरी सोडवायला, झाडायला, कापायला देणारी माणसं शहाणी होती. ते टाकून आपण हॉटेलातली केकवरची फुलबाजी तेवढी घेतली.

आता यंदाच्या वाढदिवसाच्या सहलीचं. आम्ही जुलैत उत्तरेला, श्लेसविग-होलश्टाइनमधल्या ऑइटिनला जाणार आहोत. त्या गावाजवळच्या डोडाऊच्या जंगलात पाचशेहून जास्त वर्षांचा एक ओक आहे. वनरक्षकाची मुलगी आणि लाइपझिगचा एक चॉकलेटवाला तरुण प्रेमात पडले. वडिलांना पसंत नव्हतं, म्हणून दोघं या झाडाच्या ढोलीत एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवत. शेवटी वडील विरघळले आणि 2 जून 1891 ला त्याच झाडाखाली लग्न लागलं. तेव्हापासून लोक तिथे चिठ्ठ्या ठेवू लागले. 1927 पासून पोस्टाने त्या झाडाला स्वतःचा पत्ता दिला आहे. ढोली जमिनीपासून पुरुषभराहून बरीच उंच. पोस्टमन येतो, खोडाला लावलेली शिडी चढतो आणि जगभरातून आलेली पत्रं आत ठेवतो. कुणीही वर चढून पत्र उघडावं, वाचावं. उत्तर द्यावंसं वाटलं तर बरोबर न्यावं, नाहीतर दुसऱ्यासाठी परत ढोलीत ठेवावं. वर्षानुवर्षं तिथे टपाल पोचवणाऱ्या एका पोस्टमनला त्याची बायकोही या झाडामुळेच मिळाली. नवऱ्याने तिकिटं काढली आहेत, हॅम्बुर्गला आणि ल्यूबेकला गाडी बदलायची.

वाचकांपैकी जे एकटे आहेत, मग ते पंचविशीतले असोत की साठीतले, त्यांच्यासाठी पत्ता देते: Bräutigamseiche, Dodauer Forst, 23701 Eutin, Germany. पाकिटावर तो रोमन लिपीत लिहा. आतलं पत्र मराठीत चालेल. स्वतःबद्दल खरं तेवढंच लिहा, उत्तर कुठे पाठवायचं ते सुवाच्य अक्षरात लिहा, आणि जूनमध्येच टाका म्हणजे जुलैपर्यंत पोचेल. आम्ही दोघं शिडी चढून ढोलीतली पत्रं बघणार आहोत. मराठी पत्र हाती लागलं तर त्याला उत्तर लिहायचं मी आत्ताच कबूल करते.