जामीन मिळाला, जामीनदार मिळाला नाही

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आठवड्याभरातच लोक म्हणू लागले, ‘अगदी जेलमध्ये असल्यासारखे वाटते.’ त्या दिवसांत जे खरोखर जेलमध्ये होते, त्यांच्या घरी काय चालले आहे हे मात्र मोहल्ल्यात कोणी विचारत नव्हते. ज्या घरचा माणूस आत असतो, ते घर स्वतःहून बोलत नाही. बायको सांगते, गावी गेलेत. मुले शाळेत सांगतात, अब्बू सौदीला आहेत. शेजाऱ्यांना सगळे ठाऊक असते, पण ठाऊक नसल्यासारखे वागण्यालाच आपण अदब समजतो. माझ्या मते ती अदब नाही, अंग काढून घेणे आहे.

आपल्या पट्ट्यातला, म्हणजे भोसरी, चिखली, आकुर्डीपासून चाकणपर्यंतचा माणूस पकडला गेला की तो पिंपरीच्या नाहीतर खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या न्यायालयात उभा राहतो. न्यायालयीन कोठडी झाली की बहुधा येरवडा. १८७१ सालचा हा तुरुंग. १९३२ चा पुणे करार इथेच झाला. त्याची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आत, आणि आत माणसे मात्र दुपटीहून जास्त. बाहेर आपल्याला दोन माणसांत अंतर ठेवा म्हणून सांगत होते. बराकीत शेजारी शेजारी अंथरूण टाकून झोपणाऱ्यांनी ते कुठून आणायचे?

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि २३ मार्च २०२० रोजी, कोणाला तात्पुरते सोडता येईल हे ठरवण्यासाठी प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले. महाराष्ट्रातील समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमजद सय्यद. समितीने दोनच दिवसांत पहिला निर्णय दिला : ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यांतील कच्च्या कैद्यांना जातमुचलक्यावर तात्पुरता जामीन देण्याचा विचार व्हावा. एप्रिलमध्ये येरवड्यासह राज्यातील काही तुरुंग अक्षरशः कुलूपबंद झाले. कर्मचारीही आतच मुक्कामाला. तरी मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात शंभराहून अधिक कैदी आणि कर्मचारी बाधित निघाले. मग समितीने निम्मे कैदी कमी करण्याचे ठरवले आणि सरकारने सुमारे १७ हजार जणांना सोडण्याची घोषणा केली. येरवड्यात एका वसतिगृहाच्या इमारतीत नव्या कैद्यांसाठी तात्पुरता तुरुंग उघडला गेला.

आता या निर्णयांतला बारीक अक्षरातला मजकूर पाहा. पहिल्या निर्णयात ज्यांना तूर्त वगळले, त्यांत महाराष्ट्राबाहेर घर असलेले कैदीही होते. गाड्या बंद, मग ते जाणार कसे, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण चाकणच्या कारखान्यांत कंत्राटदाराकडे राबणारा, कुदळवाडीत भंगार वेचणारा माणूस कुठला असतो? उत्तर प्रदेशचा, बिहारचा. इथे दहा वर्षे राहूनही आधार कार्डावर गावचाच पत्ता. शिक्षा झालेल्यांसाठी ८ मे रोजी आपत्कालीन पॅरोलचा नियम आला : आधी ४५ दिवस आणि मग ३० - ३० दिवसांची वाढ. सात वर्षांहून जास्त शिक्षा असेल, तर आधी दोन वेळा सुट्टीवर जाऊन वेळेत परत आलेला असला पाहिजे, अशी अट. ज्याला घेऊन जायला कोणी आलेच नव्हते म्हणून जो कधी सुट्टीवर गेला नाही, तो या अटीत अडकला. उच्च न्यायालयाने नंतर अशांना दिलासा दिला, हे बरे झाले.

खरी गाठ मात्र जामीनदाराची. ती महामारीच्या आधीही होती आणि आजही आहे. न्यायाधीश जामीन मंजूर करतात आणि घरचे लोक समजतात, सुटला. संध्याकाळपर्यंत बिर्याणीचा बेतही ठरतो. मग वकील सांगतो, जामीनदार आणा. जामीनदाराला रेशन कार्ड लागते, ऐपतीचा पुरावा लागतो : सातबारा, घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराची चिठ्ठी. कंत्राटी कामगाराच्या ओळखीतले सगळे त्याच्यासारखेच. खोली भाड्याची, करार तोंडी, पगार रोख. ज्याच्याकडे कागद आहेत तो म्हणतो, ‘भाई, कोर्टकचेरीच्या भानगडीत मला नको.’ टाळेबंदीत तर ज्याची तयारी होती त्यालाही तहसील कार्यालयात जाता येत नव्हते. जामिनाचा आदेश हातात असूनही माणूस आतच. असा कैदी ना गुन्हेगार ठरलेला, ना धोकादायक मानलेला. त्याच्यासाठी सही करायला कोणी नाही, एवढेच त्याचे आत राहण्याचे कारण. २०२० अखेर देशातल्या तुरुंगांत १०० पैकी ७६ जण खटला न संपलेले, कच्चे कैदी होते.

आणि यात आपल्या माणसांचा वाटा किती? टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. लोकसंख्येतील वाट्याच्या तुलनेत तुरुंगातला वाटा सुमारे तिप्पट निघाला. बहुतेक जण गरीब, कमी शिकलेले, पहिल्यांदाच आत आलेले. आपण या आकड्यावर सभा घेतो, निषेध करतो, ते योग्यच आहे. पण त्या सभेला आलेल्यांपैकी किती जण कोणाला जामीन राहिलेत, हा प्रश्न तिथे विचारून पाहावा.

मुलाकती बंद झाल्या तेव्हा तुरुंगातल्या मोबाइलवरून घरी फोन, व्हिडिओ कॉल करण्याची सोय झाली. सोय चांगली, पण अनोळखी नंबर म्हणून घरच्यांनी उचललाच नाही, किंवा घरात एकच फोन आणि तो घेऊन थोरला कामावर गेलेला, असे कितीतरी ठिकाणी झाले असेल. आतल्या माणसाला वाटणार, आपल्याला टाकले. ज्या घरी असे संकट असेल त्यांनी एक नंबर कायम चालू ठेवावा आणि त्याचा रिचार्ज संपू देऊ नये. हे काम शेजारीही करू शकतात. कँटीनसाठी मनीऑर्डर पाठवताना कैद्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि बंदी क्रमांक नीट लिहावा. पत्रही लिहावे. घरात कोणी लिहिणारे नसेल, तर दहावीतल्या मुलीला बसवावे.

कुरआनात हजरत यूसुफ यांच्या तुरुंगवासाचा किस्सा आहे. तो आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातला एक तपशील भराभर ओलांडून जातो. सुटून जाणाऱ्या सोबत्याला ते म्हणाले होते, तुझ्या मालकापाशी माझा विषय काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. त्या विसरण्यामुळे यूसुफ आणखी काही वर्षे आत राहिले. जकातीच्या हक्कदारांत मान सोडवण्याचा जो वाटा आहे, त्यात जामिनाची रक्कम बसते का, हे आपापल्या आलिमांना विचारावे. सदक्याबाबत तर विचारण्याचीही गरज नाही.

आज कायद्याने काही दारे उघडली आहेत आणि ती आपल्याला माहीत हवीत. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. महिनाभर जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करू शकते. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदतीची आणि दंड भरण्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदतीची केंद्र सरकारची योजना आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले त्यातून वगळले आहेत.

यातले काहीही आपोआप होत नाही. अटकेची तारीख, गुन्हा नोंदणी क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे आणि जामिनाच्या आदेशाची तारीख, एवढे पाच तपशील एका कागदावर लिहून १५१०० वर फोन लावा. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. घरची बाई बोलायला बिचकत असेल, तर तिच्या शेजारी बसून लावा.