प्रमाणपत्र पेटीचे, मोजणी सेलची

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे निविदेतल्या एकाच कलमाविषयी आहेत : 'यंत्राचे वार्षिक कॅलिब्रेशन प्रमाणपत्र सादर करावे.' प्रमाणपत्रावर क्रमांक असतो तो पेटीचा. सेल साधारण दोन वर्षे टिकतो, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी. नायट्रोजन डायऑक्साइडचा सेल मध्येच बदलला, तर संवेदनक्षमता बदलते, झिरो बदलतो. पण पेटीचा क्रमांक तोच, म्हणून प्रमाणपत्र वैध. उलट तडकलेली पेटी बदलून आतले सगळे सेल तेच ठेवले, तर बिल अडवले जाते. एका वाचकाचे असे बिल आजही अडलेले आहे. हे कलम लिहिणाऱ्याने यंत्र एकदा तरी उघडून पाहिले असते, तर ही वेळ आली नसती.

त्या प्रमाणपत्रात तपासलेले तरी काय असते? वातानुकूलित खोली, 25 अंश तापमान, सिलिंडरमधला कोरडा वायू आणि बहुधा 5 पीपीएमचा स्पॅन. आपल्याकडे नायट्रोजन डायऑक्साइडची 24 तासांची मर्यादा 80 मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम 42 पीपीबी. तपासणी शंभरपटीहून वरच्या पातळीवर आणि मोजणी या पातळीवर! इथे स्पॅनपेक्षा झिरो महत्त्वाचा. तिशीच्या वर पारा गेला की पार्श्वप्रवाह झपाट्याने चढतो, नायट्रिक ऑक्साइडच्या सेलमध्ये तर सर्वांत जास्त, आणि ऑक्झिलरी इलेक्ट्रोडची वजाबाकी तो पूर्ण काढत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात टांगलेल्या पेटीबद्दल 25 अंशांचे प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात इलेक्ट्रोलाइट पाणी ओढतो, त्याबद्दलही नाही.

शिवाय त्या कागदासाठी यंत्र खांबावरून उतरवायचे. वीज तुटली की नायट्रिक ऑक्साइडच्या सेलचा बायस जातो. परत लावल्यावर तो स्थिरावायला निदान अर्धा दिवस हवा, पण कंत्राटात डेटा खंडित झाल्याचा दंड असल्याने आकडे लगेच सुरू होतात. ते आकडे खोटे असतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

उपाय नवा नाही. संदर्भ केंद्राच्या केमिल्युमिनेसन्स विश्लेषकाशेजारी दोन आठवडे यंत्र ठेवा. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. वायू-सेन्सरांसाठीच्या 2021 च्या युरोपीय तांत्रिक विनिर्देशातही मोकळ्या हवेतली अशी चाचणी आहे. इथे मात्र केंद्राच्या गच्चीवर एक पेटी आणि एक प्लग मागितला, की अर्ज टेबलांवरून फिरतो आणि 'तशी तरतूद नाही' असा शेरा घेऊन परत येतो. तरतूद नसेल तर करा. साहेब, तुमच्याच जाळ्यातला डेटा सुधारणार आहे!

आता आपल्यातल्यांविषयी. सेलची नोंदवही न ठेवणारे, नायट्रोजन डायऑक्साइड रबरी नळीतून सोडून स्पॅन घेणारे, आलेख बरा दिसावा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये झिरो सरकवणारे सभासद आहेत. आकडा ऋण येत असेल तर ऋणच राहू द्या. त्यावरूनच सेल सरकल्याचे कळते, तो पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रत्येक सेलचा क्रमांक, बसवल्याची तारीख आणि कारखान्यातून आलेली संवेदनक्षमता आजच वहीत लिहा, आणि प्रमाणपत्रावर सेलचे क्रमांक छापल्याशिवाय ते स्वीकारू नका. गच्चीसाठी केलेले आणि नाकारले गेलेले अर्ज, शेऱ्यासह, महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. सगळे एकत्र बांधून आम्ही ते मंडळापुढे ठेवणार आहोत; एकट्या-दुकट्या अर्जाला मिळाले ते उत्तर शंभर अर्जांच्या गठ्ठ्याला देता येणार नाही.