सत्पात्री दान आणि दारातला लाजर

काही दिवसांपूर्वी एका चर्चच्या फाटकावर आम्ही एक पाटी वाचली. भिकाऱ्यांना पैसे देऊ नयेत, ते आतील पेटीत टाकावेत, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर होता. पाटीखालीच एक वृद्ध बाई हात पसरून बसली होती. मजकूर सभ्य होता. लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट नसावा. तरीही ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या दारावर ती पाटी असणे हा आम्हांला एक गंभीर वाचनदोष वाटतो. आम्ही मराठीचे अध्यापक. धर्मशास्त्रातला अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु संहितेत काय आहे आणि वाचकाने तिच्यात काय घुसडले आहे, यांतला फरक दाखवणे हे आमचे रोजचेच काम आहे.

पाटीमागचे युक्तिवाद सर्वांच्या परिचयाचे आहेत. भिकाऱ्यांच्या टोळ्या असतात, मुलांना मुद्दाम अपंग केले जाते, दिलेला पैसा दारूत जातो, देणारा आळसाला खतपाणी घालतो. सबब चौकशी करून, संस्थेमार्फत द्यावे. हे सारे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते ख्रिस्ती आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्याकडे 'सत्पात्री दान' ही जुनी आणि भारदस्त कल्पना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश आणि काळ यांच्या जोडीला पात्राचाही विचार आहे. त्या विचाराला स्वतःचे तर्कशास्त्र आहे आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा मुळातच निराळ्या घडणीची आहे. तिथे घेणाऱ्याची ओळख एकच : तो मागतो आहे. लूकच्या सहाव्या अध्यायात तर 'प्रत्येक' हा शब्द येऊन उरलीसुरली पळवाटही बंद होते. शिवाय ही आज्ञा येते ती शत्रुप्रेमाच्या उपदेशालगत. जिथे गालावर मारणाराही अपात्र ठरत नाही, तिथे हात पसरणारा कसा ठरावा?

लूकच्याच सोळाव्या अध्यायातला दृष्टान्त पाहा. येशूच्या दृष्टान्तांत विशेषनाम मिळालेला भिकारी हा एकच, लाजर. श्रीमंताला तिथे नाव नाही. लाजर कष्टाळू होता की आळशी, व्यसनी होता की सज्जन, याविषयी कथनकार अवाक्षरही काढत नाही. श्रीमंतानेही त्याला मारल्याचा किंवा हाकलल्याचा उल्लेख नाही. त्याचा गुन्हा इतकाच की लाजर त्याच्या दारात होता आणि तो दारातच राहिला.

यावर हमखास पुढे केले जाते ते पौलाच्या नावे असलेले थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र : काम करायची इच्छा नसणाऱ्याने खाऊही नये. पण हे बोल मंडळीतल्याच, काम टाकून इतरांच्या भानगडींत फिरणाऱ्या बांधवांना उद्देशून आहेत. रस्त्यावरच्या अनोळखी याचकावर ते रोखणे म्हणजे एका घरातले पत्र दुसऱ्याच घरी टाकणे होय.

टोळ्यांचा युक्तिवाद आधुनिक आहे, हाही भ्रमच. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात प्रवचने देणाऱ्या योहान ख्रिसोस्तोमला हे सारे ठाऊक होते. करिंथकरांस पहिल्या पत्रावरील प्रवचनांत तो जुन्या वहाणांचे कातडे चघळणाऱ्या, डोक्यात खिळे ठोकून घेणाऱ्या भिकाऱ्यांचे वर्णन करतो. पोटच्या पोरांचे डोळे घालवणाऱ्या आईबापांविषयीही बोलतो. मात्र दोष तो श्रोत्यांच्या पदरात टाकतो. साध्या याचनेने तुमचे हृदय हलत नाही, म्हणून त्यांना हा क्रूर खेळ मांडावा लागतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे ज्या पुराव्यावरून आपण मूठ आवळतो, त्याच पुराव्यावरून तो आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

पात्रतेची चाळणी युरोपात पक्की झाली ती पुढे, सोळाव्या शतकात. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती देशांतून भीक मागणेच नाहीसे व्हावे, प्रत्येक नगराने आपले गरीब पोसावेत, असे मांडले; १५२८ मध्ये ढोंगी भिकाऱ्यांची वर्णने करणाऱ्या एका पुस्तकाला त्याने प्रस्तावनाही लिहिली. त्यातला नगराने पोसण्याचा भाग उदात्त होता. पण पोसणे मागे पडले आणि हाकलणे तेवढे टिकले. १५४५ मध्ये स्पेनमध्ये दोमिंगो दे सोतो या धर्मपंडिताने गरिबाचा मागण्याचा हक्क निक्षून मांडला, तो या धोक्यापायीच.

तीच चाळणी आता शासनाच्या हाती आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या निमित्ताने भिक्षा घेणेही मोडते. पुन्हापुन्हा सापडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत डांबण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली नाही. भीक मागण्यामागे दारिद्र्य आहे, याकडे त्याने लक्ष वेधले. उलट इंदूरच्या प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचे जाहीर केले. डोंगरावरच्या प्रवचनातली एक आज्ञा पाळणे हा एका शहरात गुन्हा ठरतो, आणि त्यावर मंडळ्यांमधून मोठा निषेध उमटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. निषेध उमटणार तरी कसा? तीच आज्ञा आपण फाटकावरच्या पाटीने आधीच रद्द केलेली असते.

आमच्या भूमिकेतली अडचण आम्ही लपवत नाही. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही रेव्हरंड टिळकांचा सढळ हात आठवेल आणि त्यापायी संसार ओढताना लक्ष्मीबाईंची झालेली ओढाताणही. दात्याच्या औदार्याची किंमत पुष्कळदा घरातले दुसरेच कोणी मोजते. संस्थाही हव्यातच, केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ति मिशन उभारले नसते, तर दुष्काळातल्या किती मुलींना आसरा मिळाला नसता. परंतु रमाबाईंची संस्था रस्त्यावरच्या मुलींना आत घेण्यासाठी होती. फाटकावरची पेटी मात्र बाईला बाहेर ठेवून तिच्या नावाचा पैसा आत नेते. दोहोंना एकाच शब्दाने 'संस्था' म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

मग खिशात नाणे नसेल तर? प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराच्या दारापाशी बसलेल्या पांगळ्यासमोर पेत्राची नेमकी हीच स्थिती होती. तो थांबला, त्याच्याकडे निरखून पाहिले आणि त्याचा उजवा हात धरला. २०१७ मध्ये मिलानमधील एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी देणे केव्हाही योग्यच, असे सांगितले. आणि देताना डोळ्यांत पाहावे, हाताला स्पर्श करावा, यावर भर दिला. चमत्कार आपल्या हाती नाही. थांबणे, पाहणे आणि हात पुढे करणे या तीन गोष्टी मात्र आहेत. पेटीत नोट टाकताना यांतली एकही करावी लागत नाही. पेटीची खरी सोय तीच.

म्हणून आमची मागणी लहान आहे. पेटी खुशाल राहू द्यावी. पाटी तेवढी उतरवावी.