कुत्र्याचा आवाज बसतो तेव्हा

नाणेघाटाच्या माथ्यावरील आमच्या घाटघरात रात्री कुत्रे लांब सूर काढून रडू लागले, की घरातील वृद्ध अंथरुणात उठून बसतात. कुत्र्याला यमदूत दिसतो, ही समजूत जुनी आहे. घरात आजारी माणूस असेल, तर तो सूर अधिकच जिव्हारी लागतो. वास्तविक दूरच्या सोबत्यांना साद घालण्याची ती लांडग्यांच्या कुळातील रीत होय. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र असलेला हा जुन्नर तालुका; त्यामुळे कुत्रे कण्हत दाराशी आले, तर यमाऐवजी बिबट्याची शंका घ्यावी आणि वृद्धांनी एकट्याने अंगणात जाऊ नये. सयामी मांजर तान्ह्या मुलासारखे रडते, बसेंजी जातीचे कुत्रे सहसा भुंकतच नाही. तो त्यांचा जातिस्वभाव.

मला भय वाटते ते निराळ्याच आवाजाचे. रोजचे ओळखीचे कुत्रे एकाएकी घोगरे भुंकू लागते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळवत नाही. रेबीजमध्ये घशाचे व जबड्याचे स्नायू लुळे पडल्याने असे होते. घरच्यांना मात्र वाटते, हाड अडकले. आणि मायेपोटी कोणीतरी त्याच्या तोंडात हात घालतो. कृपा करून घालू नका. दात लागला नाही, तरी बोटांवरच्या भेगांतून लाळेतील विषाणू शरीरात जाऊ शकतो, आणि आपल्या आजी-आजोबांच्या हातांना भेगा असतातच. गाय-बैलांबाबतही हीच चूक होते. मायाळू मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात दडून अकारण अंगावर आले, तरी तसेच सावध व्हावे.

चावा, ओरखडा वा भेगेला लाळ लागल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी जुन्नरचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. जनावरावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु लस त्यासाठी थांबवू नये. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्यच. कातडीत देण्याची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घेतात. रक्त आले असेल किंवा भेगेला लाळ लागली असेल, तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागते; ते आवर्जून विचारावे. मधुमेह, रक्तदाब वा वार्धक्य यांमुळे लस टाळण्याचे कारण नाही. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.