सूर आपला, मग नाव कुणाचे?

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये भरणाऱ्या मेळ्यांतून नवी मुंबईतील कुटुंबे वारली चित्रे, बांबूच्या वस्तू आणि क्वचित एखादे लोकवाद्य घेऊन घरी परततात. पूर्वी असे वाद्य दिवाणखान्याची शोभा होऊन राही. आता घरातील तरुण मुले ते वाजवून पाहतात, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करतात आणि महाजालावरून जगाला ऐकवतात. आपल्या मातीच्या सुराविषयी नव्या पिढीला वाटणारे हे कुतूहल स्वागतार्हच आहे. मात्र या कुतूहलाला कर्तव्याची जोड हवी.

तारप्याचेच उदाहरण घेऊ. जव्हार, डहाणू, तलासरी परिसरातील वारली, कोकणा, मल्हार कोळी बांधवांचे हे वाद्य. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढाच त्याचा संभार. नवे भात हाती आले की तारपा घुमू लागतो. वादक मध्यभागी, भोवती हात गुंफलेला फेर. आणि वादकाने श्वास तुटू द्यायचा नाही. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रातही हाच फेर आहे. चित्र घराघरांत पोहोचले; सूर मात्र डोंगरातच राहिला.

हा सूर घरी मुद्रित करणे वाटते तितके सोपे नाही. भ्रमणध्वनी मुख्यतः बोलण्यासाठी घडवलेला. सतत चालणारा एकसुरी नाद म्हणजे गोंगाट, असे समजून त्यातील यंत्रणा तो दाबू पाहते. तारप्याचा अखंड स्वर तिला पंख्याची घरघर वाटतो! म्हणून ती सोय बंद करावी, कर्ण्यापासून थोडे दूर राहावे, मूळ मुद्रण न आकसता जपावे.

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. परंपरेने आलेली चाल कोणा एकाची नसते. पण मुद्रणाचा स्वामित्वहक्क कायद्याने ते करवून घेणाऱ्याकडे जातो. कलावंताचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य झाले आणि वादक म्हणून आपले नाव लागावे हा हक्क २०१२ मध्ये मिळाला. भोपळा निवडून वाद्य घडवणाऱ्या हातांना मात्र असा हक्क नाही. जेथे कायदा थांबतो तेथे समाजाची नीती सुरू व्हायला हवी.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. शोभायात्रेच्या अग्रभागी तारपा आपल्याला हवा असतो. वृत्तान्तात मात्र ‘वनवासी कलापथक’ एवढाच उल्लेख उरतो. बंधू म्हणायचे आणि नाव विचारायचे नाही, ही समरसता नव्हे.

म्हणून प्रत्येक मुद्रणासोबत वादकाचे, घडवणाऱ्याचे आणि गावाचे नाव द्यावे. आधी अनुमती घ्यावी, उत्पन्न झाल्यास वाटा द्यावा, एक प्रत त्या पाड्यावर पोहोचवावी. कारागिरालाच घरी बोलावून मुलांना त्याच्याजवळ बसवावे. मुद्रणाने सूर टिकेल; पण पुढच्या तारप्यासाठी भोपळ्याचा वेल कोणीतरी अंगणात लावलाच पाहिजे. तो लावण्याची उमेद त्या अंगणात टिकवणे, हे आपल्या सर्वांचे काम आहे.