पन्नास हजार पत्रे आणि एक बॅटमॅन

गेल्या रविवारी आमच्या घरी जेवताना कडाक्याचे भांडण झाले. कारण ना शेताचा बांध, ना राजकारण. कारण होते बॅटमॅन. इंजिनीअरिंगला असलेला माझा भाचा सुट्टीला आला होता. त्याच्या मते खरा बॅटमॅन एकच, क्रिश्चन बेल. अकरावीतल्या माझ्या मुलीच्या मते रॉबर्ट पॅटिन्सनच्या तोडीचा बॅटमॅन झालाच नाही. दोघेही इरेला पेटले, पानातली आमटी गार झाली. शेवटी आई म्हणाली, "अरे, माझ्या मालिकेतली सून एका रात्रीत बदलली, म्हणून मी दोन दिवस हळहळले, तर तुम्ही मला हसलात. आता तुमचं वेगळं काय चाललंय?"

दोघेही गप्प झाले. मी मात्र विचारात पडलो, कारण आईने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. मालिकेतली सून काय आणि आकाशातून झेपावणारा नायक काय, प्रेक्षकाचे त्यांच्याशी एक नाते जडते. नाते जडले की हक्क आला आणि हक्क आला की भांडण आलेच. प्रश्न एवढाच की, या हक्काची हद्द कुठवर?

ही भांडणे आजची नाहीत. १९८८ साली हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने जाहीर केले की, नव्या चित्रपटात बॅटमॅनची भूमिका मायकेल कीटन करणार. कीटन तोवर ओळखला जाई तो विनोदी भूमिकांसाठी. अंगापिंडाने बेताचा, केस विरळ होऊ लागलेले. चाहत्यांचा संताप उसळला. कंपनीकडे निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे आली, असे सांगितले जाते. ही पत्रे कागद, पाकीट आणि तिकीट खर्चून धाडलेली होती, हे ध्यानात घ्या. प्रकरण 'वॉल स्ट्रीट जर्नल'सारख्या पैशांच्या घडामोडींना वाहिलेल्या दैनिकाच्या पहिल्या पानापर्यंत गेले.

चाहत्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर बॅटमॅनची जी मालिका चालली, तिने त्याला गमतीचा विषय करून टाकले होते. पुढे कॉमिक्सच्या लेखकांनी त्याला पुन्हा गंभीर, काळोखा नायक बनवले. १९८६ साली आलेल्या फ्रँक मिलरच्या पुस्तकाने तर प्रौढ वाचकही त्याकडे वळले. आता कुठे आपल्या नायकाला मान मिळू लागला, तोच त्याला पुन्हा विदूषक करणार की काय, ही त्या पत्रांमागची धास्ती होती.

दिग्दर्शक टिम बर्टनचा विचार मात्र वेगळा होता. जो मुळातच धिप्पाड आहे, त्याला वटवाघळाचा वेश करून लोकांना घाबरवण्याची गरजच काय? वेशाची गरज साध्या दिसणाऱ्या माणसाला, ज्याच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलेले दिसते, त्याला. जून १९८९ मध्ये चित्रपट लागला आणि जगभरात त्याने चाळीस कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पन्नास हजार पत्रे रद्दीत गेली.

यानंतर चाहत्यांनी धडा घेतला असेल, असे वाटेल. छे! २००० सालच्या 'एक्स-मेन'मध्ये वुल्व्हरिनच्या भूमिकेत ह्यू जॅकमन आला. कॉमिक्समधला वुल्व्हरिन सव्वापाच फुटांचा आणि हा सहा फुटांच्या वर! आज जॅकमनखेरीज दुसरा वुल्व्हरिन डोळ्यांपुढे येत नाही. २००६ साली जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजरचे नाव जाहीर झाले, तेव्हा पुन्हा नाके मुरडली गेली. जानेवारी २००८ मध्ये ऐन अठ्ठाविशीत लेजर गेला, जुलैत 'द डार्क नाइट' प्रदर्शित झाला आणि २००९ साली त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. २०१३ मध्ये बेन अ‍ॅफ्लेकच्या, २०१९ मध्ये पॅटिन्सनच्या नावाला विरोध झाला. आता त्याच पॅटिन्सनसाठी माझी मुलगी आमटी गार करते!

आपल्याकडेही हेच. १९९७ साली दूरदर्शनवर आलेला 'शक्तिमान' आठवतो ना? त्यावर चित्रपट निघणार आणि त्यात रणवीर सिंग असणार, अशी चर्चा २०२४ मध्ये जोरात असताना खुद्द मूळचे शक्तिमान मुकेश खन्ना यांनीच त्या नावाला जाहीर विरोध केला.

मग चाहते दरवेळी चुकतातच काय? नाही. इथे एक फरक करायला हवा.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका मे २०१९ मध्ये संपली. शेवटचे पर्व अवघ्या सहा भागांचे. वर्षानुवर्षे निगुतीने उभी केलेली पात्रे त्यात घाईघाईने कुठल्या कुठे नेऊन ठेवली, अशी प्रेक्षकांची तक्रार होती. हे पर्व नव्याने बनवा, अशा मागणीच्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी हास्यास्पद होती, पण तक्रार नव्हती. मालिका जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली. पाचवी कादंबरी २०११ साली आली आणि मालिका तिच्या पुढे निघून गेली. पायाखालची कादंबरी संपल्यावर पटकथेचा तोल गेला, हे प्रेक्षकांनी अचूक ओळखले होते.

म्हणजे पाहा. कीटनबद्दल चाहते बोलत होते ते चित्रपट पाहण्याआधी. त्यांच्यासमोर होते फक्त मनातले चित्र आणि नटाची जुनी भूमिका. 'थ्रोन्स'बद्दल ते बोलले ते सत्तरहून अधिक भाग पाहून झाल्यावर. चाखून झाल्यावर आमटी खारट म्हणणे हे मत. ती चुलीवर चढण्याआधीच म्हणणे ही धास्ती. धास्तीतही प्रेम असते, पण तिला निवाडा म्हणता येत नाही.

निर्मात्यांना हे प्रेम चांगलेच कळते, आणि त्याची किंमतही. त्याच १९८८ साली बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे दुसरा रॉबिन जेसन टॉड, जगावा की मरावा, यावर डीसी कॉमिक्सने चक्क दूरध्वनीवरून मतदान घेतले. एका फोनला पन्नास सेंट. जगवा म्हणणारी मते ५२७१, मारा म्हणणारी ५३४३. अवघ्या बहात्तर मतांनी रॉबिन मेला! एकाने कितीही फोन करावेत, अशी मुभा होती, हे विशेष. आपल्याकडे २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला, तेव्हा प्रेक्षकांच्या हळहळीमुळे त्याला जिवंत करून परत आणावे लागले. तिकडे मतांनी मारले, इकडे अश्रूंनी जगवले. गल्ला दोन्हीकडे भरला.

इथवर सारी गंमत आहे. काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेत रसायनशास्त्राचा एक शिक्षक अमली पदार्थांच्या धंद्यात शिरतो आणि त्याची बायको स्कायलर त्याला अडवू पाहते. खरे तर शहाणी तीच. पण प्रेक्षक नायकाच्या इतके आहारी गेले की, त्यांनी स्कायलरचा द्वेष सुरू केला. तिथून तो सरकला ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन या अभिनेत्रीवर. तिला जिवे मारण्याची भाषाही झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून ही व्यथा मांडली. पुढच्याच महिन्यात त्याच भूमिकेसाठी तिला एमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारामुळे मनातली भीती पुसली जात नाही.

आपल्या निळू फुल्यांना पाहून गावोगावच्या बायका बोटे मोडत, असे सांगतात. पडद्यावरचा तो बेरकी पाटील प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात वाढलेला, सामाजिक चळवळींत रमणारा सज्जन माणूस. त्या बोटे मोडण्याला आपण अभिनयाची पावती समजत आलो. पण बोटे मोडणे आणि माणसाच्या जिवावर उठणे यांत अंतर आहे. राग पात्रावर काढावा, गोष्टीवर काढावा, पटकथाकाराच्या आळसावर तर जरूर काढावा. संध्याकाळी रंग पुसून घरी जाणाऱ्या माणसाला त्यातून वगळावे. हक्काची हद्द ही एवढीच, आणि ती घरातल्या मुलांना जेवणाच्या पानावरच शिकवावी लागते.

जाता जाता कीटनची गोष्ट पुरी करतो. २०२३ साली 'द फ्लॅश' या चित्रपटात एकाहत्तर वर्षांच्या कीटनने पुन्हा बॅटमॅनचा वेश चढवला. चित्रपट पडला, पण ज्याला पन्नास हजार पत्रांनी नको म्हटले होते, तोच त्यातले मोठे आकर्षण ठरला होता.

हे सारे त्या दिवशी मी घरी सांगितले. भाच्याला पटले असे दिसले नाही. मी आईला विचारले, "आणि तुझी ती बदललेली सून? आता कशी वाटते?" आई ताटे उचलत म्हणाली, "आता हीच बरी वाटते. नवी सून घरात रुळायला वेळ लागतोच की रे. तिला आणि आपल्यालाही."